उथळ पाण्याचा ठाव



खोल पाण्यात शिरू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. नदीवर पोहायला जाणाऱ्या मुलांना हा उपदेश ठीक आहे. पण ज्याने सारा जन्म गलबतावर काढला त्या तांडेलाला विचाराल, तर तो नेमके उलटे सांगेल. खोल पाण्यात गलबत सुखाने चालते. तांडेलाची झोप उडते ती उथळ पाण्यात. वाळूचा दांडा, पाण्याखाली हातभर बुडालेला खडक, प्रवाळाची धारदार भिंत, हे तारवाचे खरे वैरी. जगाच्या इतिहासात भर समुद्रात वादळाने जितकी जहाजे बुडाली असतील, त्यांच्या जोडीला किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात फुटलेल्या जहाजांचीही यादी मोठी आहे.

म्हणून पाण्याचा ठाव घेणे ही फार जुनी विद्या आहे. दोरीला शिशाचा गोळा बांधायचा, तो तळाला टेकेपर्यंत सोडायचा, आणि किती वाव दोरी गेली ते मोजायचे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर, सुमारे सहा फूट. गोळ्याच्या बुडाशी एक खळगा ठेवीत आणि त्यात चरबी भरीत. तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा त्या चरबीला चिकटून वर येई. जाणता खलाशी तेवढ्यावरून आपण कुठे आहोत हे ओळखी. साधन साधे होते. आणि शेकडो वर्षे जगाचे नौकानयन त्याच्या भरवशावर चालले.

आज हेच काम आकाशातून होऊ लागले आहे. शेकडो मैल उंचीवरून फिरणारा उपग्रह समुद्राचे चित्र घेतो आणि त्या चित्रावरून उथळ पाण्याची खोली काढता येते. ऐकताना हे जादूसारखे वाटते. पण यामागे जादू नाही. एक लांबलचक इतिहास आहे, आणि तो बव्हंशी अपघातांनी लिहिलेला आहे. तो इतिहास मी आज हिंदी महासागरातील एका जागेच्या आधाराने सांगणार आहे. त्या जागेचे नाव चागोस.

मालदीव बेटांच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्या खाली, हा द्वीपसमूह आहे. वर दिसणारी जमीन अगदी थोडी. पाण्याखाली मात्र प्रवाळाचे अफाट पठार. तेथील ‘ग्रेट चागोस बँक’ नावाची प्रवाळरचना हजारो चौरस किलोमीटर पसरलेली असून आपल्या जातीची जगातली सर्वांत मोठी मानली जाते. तिचा बहुतेक भाग बुडालेला आहे. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेशेजारी निसर्गाने मांडून ठेवलेला हा सापळाच म्हणावा लागेल.

१५५५ साली लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघालेले ‘कॉन्सेसाँव’ नावाचे पोर्तुगीज जहाज याच समूहातील पेरोस बान्योस येथील खडकांवर आपटून फुटले. त्या प्रवासातून वाचलेल्या माणसाने लिहिलेली हकीकत पोर्तुगीज वाङ्मयात प्रसिद्ध आहे. असे अपघात घडत, तशी वाटेची माहिती जमत जाई. पण ही माहिती पोर्तुगीजांच्या दृष्टीने सोन्याहून मोलाची होती आणि ती परक्यांच्या हाती पडू नये म्हणून ते जपत. ती फुटली ती आपल्या गोव्यातून! यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन नावाचा डच तरुण १५८३ साली गोव्यास आला आणि तेथील आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला. परत गेल्यावर १५९५-९६ च्या सुमारास त्याने पूर्वेच्या जलमार्गांची माहिती छापून टाकली. पुढे डच आणि इंग्रज जहाजांना या समुद्रात शिरायला तिचा मोठा उपयोग झाला. समुद्राचा ठाव हा नुसता शास्त्राचा प्रश्न कधीच नव्हता. तो व्यापाराचा आणि सत्तेचाही होता, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता दोनशे वर्षे पुढे येऊ. १७८६ च्या मे महिन्यात ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज बटाव्हियाहून सिलोनकडे चालले होते. जहाजावरचा पहिला मेट होता जेम्स हॉर्सबर्ग, वय अवघे तेवीस. नकाशा सांगत होता की वाट मोकळी आहे. प्रत्यक्षात समोर दिएगो गार्सिया बेट होते. जहाज त्यावर आदळून फुटले. मौज अशी, की त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून याच बेटावर वसाहत करण्यासाठी माणसे धाडली होती. त्यांच्याबरोबर मोजणीसाठी आर्चिबाल्ड ब्लेअर हा अधिकारी होता. अंदमानातील पोर्ट ब्लेअर, ज्याला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, त्याला पूर्वी नाव मिळाले होते ते याच ब्लेअरचे. वसाहत काही टिकली नाही. त्याच वर्षी ती गुंडाळली गेली. पण हॉर्सबर्गच्या मनात त्या अपघाताने कायमचे घर केले. चुकीच्या नकाशाने आपले जहाज घेतले, तेव्हा बरोबर नकाशे करणे हेच आपले काम, असे त्याने ठरविले. मुंबई ते चीन या वाटेवर पुढे त्याने कित्येक खेपा केल्या आणि प्रत्येक खेपेत टिपणे ठेवली. त्या टिपणांतून पूर्वेकडील जलप्रवासाचा त्याचा मार्गदर्शक ग्रंथ १८०९ पासून प्रसिद्ध झाला आणि १८१० साली तो कंपनीचा जलालेखक झाला.

हॉर्सबर्गनंतरचा मोठा माणूस म्हणजे रॉबर्ट मोर्सबी. हा आपल्या मुंबईच्या आरमारातला. कंपनीचे ‘बॉम्बे मरीन’ १८३० साली ‘इंडियन नेव्ही’ झाले, त्यातला हा अधिकारी. तांबडा समुद्र आणि मालदीव यांची मोजणी करून १८३७ साली त्याने चागोसची मोजणी केली. होड्या सोडायच्या, गोळा टाकायचा, वाव मोजायचे, जागा नोंदवायची, आणि पुन्हा पुढे जायचे. वर विषुववृत्ताचे ऊन, खाली ज्वर देणारी बेटे. अशा श्रमांतून उतरलेले ते नकाशे इतके चांगले होते, की चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळद्वीपांवर ग्रंथ लिहिला तेव्हा मोर्सबीच्या माहितीचा त्याने उपयोग केला. पिढ्यान्‌पिढ्या खलाशांनी या नकाशांवर जहाजे हाकली.

इतके असूनही चागोसमध्ये एक सबंध प्रवाळखडक नकाशावर यायचा राहून गेला. थोडाथोडका काळ नव्हे, विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत. असे का व्हावे? मोर्सबी आळशी होता म्हणून? मुळीच नाही. कारण त्या साधनातच आहे. शिशाचा गोळा पडतो तेथली खोली तो बिनचूक सांगतो. पण त्याच्या शेजारी शंभर हातांवर काय आहे, याविषयी तो मुका असतो. शेतात दहा ठिकाणी खुंट्या ठोकल्या म्हणून सगळे शेत पाहून झाले असे होत नाही. दोन मापांच्या मधली जागा नकाशा करणारा अंदाजाने भरतो. पुढे ध्वनीने खोली मोजण्याची यंत्रे आली, तेव्हा बिंदूंची रेघ झाली. तरी दोन रेघांमधली पट्टी कोरीच राहिली. शिवाय जेथे पाणी सर्वांत उथळ आणि म्हणून माहिती सर्वांत गरजेची, तेथे मोजणीचे जहाज नेणे सर्वांत धोक्याचे. उथळ पाण्याचे सगळे कोडे या एका वाक्यात आहे.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला, की पाण्यात न उतरता, दुरून, सबंध पृष्ठभाग एकदम पाहता येईल काय?

या प्रश्नाला निकड आणली ती दुसऱ्या महायुद्धाने. २० नोव्हेंबर १९४३ रोजी पॅसिफिकमधील तारावा येथे अमेरिकन सैन्य उतरू लागले. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा होता. त्यावर होड्या तरंगतील एवढे पाणी असेल, असा हिशेब होता. पण दिवस होते भांगाचे. आपल्या कोळी बांधवांना भांग आणि उधाण यांतला फरक सांगावा लागत नाही. भांगात भरती पुरती चढत नाही. तशी ती त्या दिवशी चढली नाही. होड्या कठड्यावर अडकल्या आणि शिपायांना गोळ्यांच्या वर्षावात शेकडो यार्ड पाण्यातून चालत जावे लागले. तीन दिवसांच्या त्या लढाईत सुमारे एक हजार अमेरिकन मेले. सगळेच काही पाण्याने मेले नाहीत. पण हातभर पाण्याच्या कमतरतेची किंमत केवढी असू शकते, हे तेथे दिसून आले.

युरोपात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरायचे ठरले, तेव्हा ब्रिटिशांनी दोन उपाय योजले. एक उपाय माणसाचा. १९४३ च्या वर्षअखेरच्या रात्री दोन सैनिक पोहत शत्रूच्या किनाऱ्यावर गेले आणि रणगाडे रुततील की नाही हे कळावे म्हणून वाळूचे नमुने घेऊन आले. दुसरा उपाय छायाचित्राचा, आणि तो मोठा कल्पक आहे. लाट खोल पाण्यातून उथळ पाण्यात आली की तिचा वेग मंदावतो. दहा मीटर खोलीवर ती सेकंदाला सुमारे दहा मीटर धावते. अडीच मीटर खोलीवर सुमारे पाचच. म्हणजे खोली चौथाई झाली की वेग निम्मा. विमानातून लागोपाठ छायाचित्रे घ्यायची, दोन चित्रांच्या दरम्यान लाटेचा माथा किती सरकला ते मोजायचे, आणि त्यावरून पाण्याची खोली काढायची. समुद्राला हात न लावता त्याचा ठाव घेण्याचा हा मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग होता.

पुढची पायरी रंगाची. स्वच्छ पाण्याच्या हौदात पांढरा दगड टाकून पाहा. वर असताना तो पांढरा दिसतो. खाली जाईल तसा हिरवट, मग निळसर, आणि शेवटी दिसेनासा होतो. याचे कारण पाणी प्रकाशातले सगळे रंग सारखेच गिळीत नाही. तांबडा रंग काही मीटरांतच संपतो. हिरवा त्याहून खोल जातो. निळा स्वच्छ समुद्रात सर्वांत खोल जाऊन तळावरून परत येऊ शकतो. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ साली पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठे दिसेनाशी होते हे मोजले होते. त्याची तबकडी आजही पाण्याची स्वच्छता मोजायला वापरतात. आता हेच उलटे करा. तळावरून परत येणारा हिरवा व निळा प्रकाश किती मंदावला हे मोजले, तर वाटेत किती पाणी होते हे कळले पाहिजे. उपग्रहाने खोली काढण्याचे तत्त्व एवढेच आहे.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पृथ्वीची पाहणी करणारा उपग्रह सोडला. पुढे त्याचे नाव लँडसॅट-१ पडले. तो शेतीभातीसाठी, जंगलांसाठी आणि खनिजांसाठी होता. समुद्र कोणाच्या फारसा ध्यानात नव्हता. पण चित्रे येऊ लागली आणि समुद्रातही काही तरी दिसू लागले. १९७३ च्या एका चित्रात कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवर एक ठिपका दिसला. तेथे बेट असल्याची नोंद नव्हती. खात्री करायला कॅनडाच्या जलालेखन खात्याचा फ्रँक हॉल हा अधिकारी हेलिकॉप्टरमधून पट्ट्याला लोंबकळत खाली उतरू लागला, तो त्या बेटाच्या माथ्यावर बसलेल्या पांढऱ्या अस्वलाने त्याच्यावर पंजा उगारला. हॉलसाहेबांना अर्थातच घाईने वर ओढून घ्यावे लागले! पंचवीस मीटर बाय पंचेचाळीस मीटरच्या त्या खडकाला आज ‘लँडसॅट बेट’ म्हणतात.

आणि आपले चागोस? तेथल्या उपग्रहचित्रांची जुन्या नकाशांशी तुलना झाली, तेव्हा मोर्सबीपासून सर्वांच्या नजरेतून सुटलेला तो खडक उघड झाला. काही उथळ भाग नकाशावर होते, पण भलत्याच जागी, असेही आढळले. नव्या खडकाला ऑल्डन कोल्व्होकोरेसेस या अमेरिकन नकाशातज्ज्ञाचे नाव देण्यात आले. हॉर्सबर्गचे जहाज ज्या समूहात फुटले, त्याच समूहाने दोन शतकांनंतर ही नवी विद्या खरी ठरवून दिली, हा इतिहासाचा योग विलक्षण आहे.

पण दिसणे वेगळे आणि मोजणे वेगळे. मोजण्याची कसोटी १९७५ साली झाली. अमेरिकेची अंतराळसंस्था नासा आणि फ्रान्सचा विख्यात सागरसंशोधक झाक कुस्तो यांनी मिळून बहामा बेटे आणि फ्लॉरिडा यांच्या दरम्यान प्रयोग केला. कुस्तोचे ‘कॅलिप्सो’ जहाज तीन आठवडे त्या पाण्यात होते. वरून उपग्रह जाई त्या सुमारास पाणबुडे खाली उतरत. पाणी किती स्वच्छ आहे, प्रकाश किती खोल जातो, तळ किती उजळ आहे, हे उपकरणांनी मोजीत. दोन्हींचा मेळ घातला तेव्हा सिद्ध झाले, की पाणी स्वच्छ असेल आणि तळाचा रंग ठाऊक असेल तर बावीस मीटरपर्यंतची खोली आकाशातून काढता येते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. उपग्रह वर होता, तरी माणसाला पाण्यात उतरावेच लागले.

यापुढची प्रगती वेगाने झाली. काळपट समुद्रगवताचा तळ उथळ असूनही खोल भासतो आणि शुभ्र वाळूचा तळ खोल असूनही उथळ भासतो, ही मोठी अडचण होती. डेव्हिड लायझेंगा याने १९७८ साली एकापेक्षा अधिक रंगांची जोड वापरून तळाचा रंग व पाण्याची खोली वेगळी करण्याची रीत मांडली. पहिल्या लँडसॅटच्या यंत्राला निळा रंग दिसतच नव्हता. १९८२ च्या लँडसॅट-४ वर तो आला. भारताने १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए सोडला आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने भारतीय उपग्रहांच्या चित्रांवरून लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात व कच्छचे आखात येथील प्रवाळांचे नकाशे केले. २००८ साली लँडसॅटची सारी चित्रे सर्वांना मोफत झाली. लिन्स्खोटेनच्या काळी ज्या माहितीसाठी राष्ट्रे एकमेकांपासून लपवालपवी करीत, तिच्यासारखी माहिती आज एखाद्या लहान बेटावरचा शाळामास्तरही मिळवू शकतो. सप्टेंबर २०१८ मध्ये सोडलेला आइससॅट-२ हा उपग्रह तर हिरव्या लेसरचे किरण खाली सोडतो. काही पृष्ठभागावरून परततात, काही तळावरून. दोहोंच्या वेळेतल्या फरकावरून, पाणी नितळ असेल तर सुमारे चाळीस मीटरपर्यंतची खोली कळते. शिशाच्या गोळ्याचे काम आता प्रकाश करतो, असे म्हणायला हरकत नाही.

आता तुम्ही विचाराल, आमच्या कोकणकिनाऱ्याचे काय? तेथे ही विद्या लंगडी पडते, हे सांगितले पाहिजे. पावसाळ्यात नद्या लाल माती आणून ओततात. खाड्यांतला चिखल भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करतो. मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. अशा गढूळ पाण्यातून प्रकाश तळापर्यंत पोचतच नाही, मग परत कुठून येणार? तेथे जहाजाने आणि ध्वनियंत्रानेच मोजणी करावी लागते. शिवाय चित्र घेतले त्या क्षणी भरती होती की ओहोटी, याचा हिशेब न केला तर बरोबर काढलेली खोलीही चुकीची ठरते. तारावाचा धडा हाच. मात्र किनारा सोडून विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर गेले, की कान्होजी आंग्रे यांचे नाव वागविणारे ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले प्रवाळपठार लागते. तेथे माथ्यावर सुमारे वीस मीटर पाणी असते. किनाऱ्यावरचा चिखल तिथवर पोचत नाही, पण खोली मात्र या रीतीच्या अगदी टोकाला येते. लक्षद्वीपचे नितळ सरोवर हे या विद्येचे आपल्याकडचे खरे क्षेत्र.

साधन नवे आले म्हणून जुनी सावधगिरी सोडून चालत नाही, याचेही उदाहरण ताजे आहे. १७ जानेवारी २०१३ रोजी ‘गार्डियन’ हे अमेरिकन नौदलाचे जहाज फिलिपाइन्समधील तुब्बाताहा प्रवाळखडकावर चढले. जहाजावरच्या एका अंकीय नकाशात तो खडक सुमारे आठ सागरी मैल भलत्या जागी दाखविला होता. दुसऱ्या, अधिक मोठ्या प्रमाणाच्या नकाशात जागा बरोबर होती. दीपगृहाचा दिवाही दिसला होता. पण दोन नकाशे ताडून पाहण्याची आणि दिव्याचा अर्थ लावण्याची तसदी वेळीच घेतली गेली नाही. जहाज अखेर तोडून काढावे लागले आणि दोन हजारांवर चौरस मीटर प्रवाळ चिरडले गेले. हॉर्सबर्गला बरोबर नकाशा मिळाला नव्हता. येथे तो हाताशी होता.

हे सारे जहाजांपुरतेच असते, तर सामान्य माणसाला त्याचे सोयरसुतक नसते. पण उथळ पाण्याचा संबंध किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराशी आहे. लाटेचा तो नियम आठवा. चार हजार मीटर खोल समुद्रात त्सुनामीची लाट ताशी सातशे किलोमीटरने धावते. दहा मीटर खोलीवर तिचा वेग ताशी छत्तीस किलोमीटरवर येतो. मागून येणारे पाणी पुढच्यावर चढते आणि लाट उंच होते. ती कुठे किती उंच होईल, पाणी गावात किती आत शिरेल, हे किनाऱ्यालगतच्या तळाच्या आकारावर ठरते. २६ डिसेंबर २००४ च्या संहारानंतर २००७ साली हैदराबाद येथे त्सुनामीची सूचना देणारे केंद्र सुरू झाले. तेथील गणिताला उथळ पाण्याचा नकाशा लागतोच. २०१७ साली ओखी चक्रीवादळ लक्षद्वीपवरून गेले. ती बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. त्यांचा तट म्हणजे भोवतीचा प्रवाळाचा कठडा. तो कठडा कुठे खचला, कुठे वाळू सरकली, हे दर वर्षी जहाजे पाठवून मोजणे परवडणारे नाही. आकाशातून ते वारंवार पाहता येते.

आपल्या देशाचे सागरी नकाशे ज्या कचेरीत होतात ती डोंगरांच्या पायथ्याशी, देहरादूनला आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. १९५४ पासून ती तेथे आहे. तेथे आजही नकाशाच्या प्रत्येक भागाला तो किती विश्वासार्ह आहे याची श्रेणी देतात. कुठली खोली कशी मोजली हे लपवीत नाहीत. जगाच्या समुद्रतळाचा आधुनिक रीतीने मोजून झालेला भाग आजमितीस सुमारे चौथाईच आहे. काम खूप उरले आहे. ते उपग्रह एकटा करणार नाही आणि जहाजही एकटे करणार नाही. कुठे पाहायचे ते वरून कळेल. तेथे खरोखर किती पाणी आहे, याची साक्ष काढायला कोणाला तरी होडी घेऊन जावे लागेल. आणि किनाऱ्याजवळच्या कामात तो माणूस तेथल्या तांडेलाला बरोबर घेऊन जाईल, तर त्याचे काम निम्मे हलके होईल.